डिक्शनरीत किल्ली सापडली नाही तर: स्विफ्टमधील ऑप्शनल मूल्ये आणि त्रुटी कशा हाताळाव्यात

समजा, आपण बाजार समित्यांमधील कांद्याचे रोजचे भाव दाखवणारे ॲप लिहीत आहोत. समितीचे नाव दिले असता त्या दिवशीचा क्विंटलमागील सर्वसाधारण भाव मिळावा एवढीच गरज आहे, आणि त्यासाठी आपण `भाव` नावाची डिक्शनरी, म्हणजे नावावरून मूल्य शोधून देणारी यादी, तयार केली आहे. `भाव["लासलगाव"]` असे लिहिल्यावर १८५० हा आकडा हाती येईल अशी अपेक्षा असते. परंतु स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपाइलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगे करणारा प्रोग्राम, ते मूल्य पूर्णांक म्हणून देत नाही, तर ऑप्शनल पूर्णांक, म्हणजे असेल किंवा नसेल असा पूर्णांक, म्हणून देतो. या ठिकाणी पुष्कळ जण उद्गारचिन्ह टाकून पुढे जातात, आणि काही जण दोन प्रश्नचिन्हे लिहून त्यांच्यापुढे शून्य ठेवतात. दोन्ही प्रकारे कंपाइलरची तक्रार मिटते, पण त्याने विचारलेला प्रश्न तसाच राहतो: भाव सापडला नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? या लेखातील प्रत्येक पायरी याच प्रश्नाचे उत्तर कोडमध्ये कोठे आणि कसे लिहावे याविषयी आहे.

आरंभी लेखनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डिक्शनरीतील ज्या शब्दाने मूल्य शोधले जाते त्याला आपण बोलताना इंग्रजी शब्दच वापरतो, परंतु तो "की" या अव्ययासारखाच दिसत असल्यामुळे वाक्यात गोंधळ होतो. म्हणून मी "किल्ली" लिहीत आहे. स्विफ्टमध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे `भाव["लासलगाव"]` हे कोड खरोखर चालते. भाषेचे राखीव शब्द आणि आकडे मात्र संपादकात रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे ते देवनागरीत दिले आहेत.

ऑप्शनल का मिळते

किल्ली नसेल तर काय करावे, याविषयी प्रोग्रामिंगच्या भाषांचे एकमत नाही. पायथनमध्ये चौकटी कंसाने शोधलेली किल्ली नसेल तर कीएरर ही त्रुटी फेकली जाते. जावाचा हॅशमॅप नल, म्हणजे "काहीच नाही" असे मूल्य, देतो आणि जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट अनडिफाइन्ड देते. गो भाषा त्या टाइपचे (मूल्याच्या प्रकाराचे) शून्यमूल्य देते आणि हवे असल्यास किल्ली होती किंवा नाही हे दुसऱ्या मूल्यातून सांगते. सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये तर चौकटी कंसाने नुसते वाचायला गेले तरी नसलेली किल्ली नव्याने तयार होते. नल संदर्भाची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी मांडली होती, आणि २००९ मध्ये लंडनमधील एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. नल कोठेही येऊ शकत होता आणि तो येईल हे टाइप पाहून कळत नव्हते, ही त्यातील खरी अडचण होती.

ॲपलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या स्विफ्टमध्ये मूल्य नसण्याची शक्यता टाइपमध्येच लिहिलेली असते. पूर्णांक म्हटले तर तेथे पूर्णांक असतोच. पूर्णांकापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तेथे पूर्णांक किंवा निल, म्हणजे मूल्य नसल्याची खूण, असते. स्विफ्टचा ॲरे मर्यादेबाहेरच्या क्रमांकावर प्रोग्राम थांबवतो, पण डिक्शनरी मात्र ऑप्शनल देते, हा फरक मला योग्य वाटतो. ॲरेचा क्रमांक बहुधा त्या ॲरेवरूनच काढलेला असतो, त्यामुळे तो चुकला तर ती प्रोग्राममधील चूक असते. किल्ली मात्र बहुतेक वेळा बाहेरून येते, म्हणजे वापरकर्त्याच्या टंकलेखनातून, सर्व्हरच्या उत्तरातून किंवा जुन्या फाइलमधून, आणि ती न सापडणे हा नेहमीच्या कामकाजाचाच भाग असतो.

पायरी १: कोड लिहिण्यापूर्वी अभावाचे अर्थ वेगळे करा

आपल्या उदाहरणात भाव न मिळण्याची निदान चार कारणे आहेत. समितीचे नाव चुकीचे असेल, म्हणजे ती आपल्या यादीतच नसेल. नाव बरोबर असेल, पण अमावास्येमुळे किंवा संपामुळे त्या दिवशी लिलाव झालेच नसतील. लिलाव झाले असतील, पण आकडे अजून पोहोचले नसतील. किंवा आकडे पोहोचले असतील, पण ते आपल्याला वाचता येत नाहीत अशा स्वरूपात असतील. शेतकऱ्याच्या दृष्टीने या चार गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत: पहिल्या वेळी त्याने नाव पुन्हा तपासायचे असते, दुसऱ्या वेळी माल बाजारात न्यायचा नसतो, तिसऱ्या वेळी थोडे थांबायचे असते, आणि चौथ्या वेळी दोष आपला असतो. निल हे एकच मूल्य या चारही गोष्टींसाठी वापरले, तर पडद्यावर कोणता मजकूर दाखवायचा हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती आपण स्वतःच टाकून दिलेली असते.

म्हणून कागदावर एक छोटी नोंद करावी: ही किल्ली न मिळण्याची कारणे कोणती, आणि त्यांपैकी कोणती कारणे पुढच्या कोडला वेगळी कळायला हवीत? सर्वच वेगळी कळायला हवीत असे नाही. लिलाव बंद असणे आणि आकडे न पोहोचणे हा फरक मासिक सरासरी काढणाऱ्या फंक्शनला लागत नाही. तो पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या फंक्शनला लागतो. ही नोंद करण्यास पाच मिनिटे लागतात, आणि पुढील बहुतेक निर्णय तिच्यावरूनच ठरतात.

पायरी २: मूल्य वाचण्याची पद्धत अर्थावरून निवडा

ऑप्शनल उलगडण्याचे नेहमीचे दोन मार्ग म्हणजे इफ लेट आणि गार्ड लेट. मूल्य मिळाल्यास एखादे जास्तीचे काम करायचे असेल, आणि न मिळाल्यास फंक्शन पुढे चालूच राहणार असेल, तर इफ लेट सोयीचे असते. मूल्याशिवाय फंक्शनला पुढे जाण्यात अर्थच नसेल तेव्हा गार्ड लेट वापरावे, कारण त्याच्या एल्स भागातून बाहेर पडण्याची सक्ती कंपाइलर करतो आणि उलगडलेले मूल्य फंक्शनच्या उरलेल्या भागात सरळ वापरता येते. स्विफ्ट ५.७ पासून, म्हणजे २०२२ पासून, चलाचे नाव दुसऱ्यांदा न लिहिता इफ लेटचे आखूड रूप वापरता येते; मात्र ते केवळ साध्या चलासाठी आहे, डिक्शनरीतून थेट वाचताना नवे नाव द्यावेच लागते. ही सक्ती उपयोगाची आहे, कारण `आजचाभाव` असे नाव दिल्यावर पुढच्या ओळी वाचणाऱ्याला डिक्शनरी पुन्हा आठवावी लागत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे पर्यायी मूल्य देणारी दोन प्रश्नचिन्हे: `भाव["लासलगाव"] ?? ०`. हा मार्ग दिसायला सर्वांत सोपा आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसानही यानेच होते. तीन समित्यांपैकी एकीचा भाव १८०० आहे, दुसरीचा २००० आहे आणि तिसरीत लिलाव बंद आहे असे समजा. ज्या समित्यांचे भाव आले त्यांची सरासरी १९०० येते. तिसरीच्या जागी शून्य धरले तर तीच सरासरी सुमारे १२६७ होते. प्रोग्राम कोठेही अडखळत नाही, कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही, आणि पडद्यावर आलेला आकडा अशक्यही वाटत नाही, त्यामुळे तो चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा आकड्यावर विसंबून कोणी माल विकायला काढला, तर त्याचे नुकसान खरे असते. बंद पडणारे ॲप निदान आपण बंद पडलो हे सांगते.

याचा अर्थ पर्यायी मूल्य कधीच देऊ नये असा नाही. एखाद्या समितीसाठी किती तक्रारी आल्या हे मोजताना किल्ली नसणे आणि संख्या शून्य असणे यांचा अर्थ खरोखरच एक आहे, आणि तेथे शून्य हेच बरोबर उत्तर आहे. कसोटी साधी आहे: पर्यायी मूल्य हे त्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, की कंपाइलरला गप्प करण्यासाठी दिलेला आकडा आहे? संख्येसाठी शून्य, यादीसाठी रिकामा ॲरे, अक्षरांच्या आकारासाठी ठरलेले मूळ माप ही खरी उत्तरे आहेत. भाव, वजन, तापमान, जन्मतारीख, बँकेतील शिल्लक यांना असे खरे उत्तर नसते.

उद्गारचिन्हाने केलेले सक्तीचे उलगडणे, म्हणजे `भाव["लासलगाव"]!`, निल मिळताच प्रोग्राम तेथेच बंद पाडते. त्या वेळी नोंदवहीत (लॉगमध्ये) दिसणारा संदेश ऑप्शनल उलगडताना अनपेक्षितपणे निल सापडले एवढेच सांगतो. कोणती किल्ली शोधली जात होती हे त्यातून कळत नाही. किल्ली आपल्याच कोडने दोन ओळी आधी घातलेली असेल, तरच या चिन्हाचे समर्थन करता येते. तेव्हासुद्धा मी गार्ड लेट वापरून एल्स भागात फेटलएरर लिहितो आणि त्याच्या संदेशात किल्लीचे नाव घालतो. प्रोग्राम तेवढाच बंद पडतो, पण सहा महिन्यांनी नोंद वाचणाऱ्याला शोध कोठून सुरू करायचा हे कळते.

वाचनाविषयी आणखी दोन बारकावे आहेत. ऑप्शनल मूल्याची समानता थेट तपासता येते, म्हणजे `भाव["लासलगाव"] == १८५०` हे चालते; परंतु लहानमोठेपणा तपासता येत नाही, कारण ऑप्शनलसाठीची तुलनाचिन्हे २०१६ मध्ये स्विफ्ट ३ मधून काढून टाकण्यात आली. निल सर्व संख्यांपेक्षा लहान धरले जाण्याचा जुना नियम चुकीच्या शाखेत नेत असे, त्यामुळे हा बदल स्वागतार्हच होता. दुसरा बारकावा मजकुरात मूल्य गुंफण्याचा आहे. न उलगडलेले मूल्य वाक्यात घातले तर कंपाइलर केवळ इशारा देतो, आणि तो दुर्लक्षित राहिला तर वापरकर्त्याला १८५० ऐवजी "ऑप्शनल" हा शब्द आणि कंसात आकडा दिसतो.

पायरी ३: मोजणी आणि गटवारीसाठी डिफॉल्टची सोय

मोजणी करताना किल्ली आहे का हे पाहणे, नसल्यास शून्य घालणे आणि मग एक मिळवणे, अशा तीन ओळी लिहिण्याची गरज नाही. २०१७ मधील स्विफ्ट ४ पासून चौकटी कंसातच डिफॉल्ट हे लेबल देता येते: `तक्रारी[समिती, डिफॉल्ट: ०] += १`. वाचताना हे रूप दोन प्रश्नचिन्हांप्रमाणेच वागते आणि डिक्शनरीत काहीही घालत नाही. बदल करताना मात्र नवे मूल्य किल्लीसह साठवले जाते. डिफॉल्ट मूल्य काढणारे कोड किल्ली नसेल तेव्हाच चालते. मूल्य जर क्लासचे ऑब्जेक्ट असेल, तर ही सोय वापरून त्या ऑब्जेक्टचे गुणधर्म बदलू नयेत, कारण त्या वेळी नवे ऑब्जेक्ट बदलले जाते पण डिक्शनरीत साठवले जात नाही.

डिक्शनरी तयार करतानाही अशीच खबरदारी लागते. जोड्यांच्या यादीतून डिक्शनरी करणारा युनिककीजविथव्हॅल्यूज हा इनिशियलायझर (नवे मूल्य तयार करणारे कोड) दुहेरी किल्ली आढळताच प्रोग्राम थांबवतो. एखाद्या समितीत सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत लिलाव होत असतील, तर तिचे नाव यादीत दोनदा येणारच. तेथे युनिकिंगकीजविथ हा इनिशियलायझर वापरून दोन मूल्यांपैकी कोणते ठेवायचे ते स्पष्ट लिहावे, किंवा दोन्ही सत्रे जपायची असतील तर ग्रूपिंग वापरून प्रत्येक समितीसाठी ॲरे ठेवावा.

पायरी ४: ऑप्शनल मूल्यांची डिक्शनरी टाळा

लिलाव बंद असल्याचे दाखवण्यासाठी मूल्याचा टाइपच ऑप्शनल पूर्णांक करावा असे पुष्कळांना सुचते. कल्पना वाईट नाही, पण तिचे परिणाम समजून घेतले पाहिजेत. अशा डिक्शनरीतून वाचताना दुहेरी ऑप्शनल मिळते: बाहेरचे निल म्हणजे किल्ली नाही, आणि आतले निल म्हणजे किल्ली आहे पण भाव नाही. इफ लेट यातील एकच पदर उलगडते. `भाव["लासलगाव"] ?? ०` असे लिहिले तरी शून्य फक्त बाहेरच्या पदरासाठी वापरले जाते, आणि आतले निल तसेच पुढे जाते. किल्ली असून तिचे मूल्य निल असेल, तर निलशी केलेली तुलना असत्य ठरते, आणि भाव आहे असा समज होतो.

सर्वांत फसवा भाग मूल्य घालण्याचा आहे. `भाव["लासलगाव"] = निल` असे सरळ लिहिले तर निल साठवले जात नाही, ती किल्लीच डिक्शनरीतून काढून टाकली जाते. परंतु तेच निल जर ऑप्शनल पूर्णांक टाइपच्या एखाद्या चलात असेल आणि ते चल उजवीकडे लिहिले, तर ते एका पदरात गुंडाळले जाते आणि किल्ली आतल्या निलसह साठवली जाते. दिसायला सारख्या असलेल्या या दोन ओळींचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. अशी डिक्शनरी वापरणे भागच असेल, तर निल साठवण्यासाठी अपडेटव्हॅल्यू ही मेथड आणि किल्ली काढण्यासाठी रिमूव्हव्हॅल्यू ही मेथड वापरावी, म्हणजे हेतू वाचणाऱ्याला कळतो. केवळ किल्ली आहे का एवढेच पाहायचे असेल, तर `भाव.कीज.कंटेन्स` हे स्पष्ट असते. स्विफ्ट ४ पासून ते सर्व किल्ल्या एकेक करून तपासत नाही, हॅशच्या आधारे थेट शोधते.

याहून चांगला उपाय म्हणजे पहिल्या पायरीत लिहिलेल्या अर्थांनाच नावे देणे. `भावस्थिती` नावाचा एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप, करावा आणि त्यात तीन पर्याय ठेवावेत: `जाहीर`, ज्याच्यासोबत भावाचा आकडा असेल, `लिलावबंद`, आणि `प्रतीक्षेत`. आता डिक्शनरीचे मूल्य ऑप्शनल नाही, ते `भावस्थिती` आहे. किल्ली न सापडण्याचा अर्थ एकच उरतो, तो म्हणजे ही समिती आपल्याला माहीत नाही. पडदा रंगवणाऱ्या फंक्शनमध्ये स्विच लिहिल्यावर तिन्ही पर्याय हाताळले आहेत का हे कंपाइलर तपासतो, आणि उद्या `अंशतःजाहीर` असा चौथा पर्याय वाढवला, तर जेथे जेथे त्याचा विचार राहिला आहे ती प्रत्येक जागा तो दाखवून देतो. त्यासाठी स्विचमध्ये सरसकट डिफॉल्ट शाखा लिहिण्याचा मोह मात्र टाळावा लागतो.

पायरी ५: बाहेरून येणारी माहिती दारातच तपासा

सर्व्हरकडून आलेला जेसन (माहिती पाठवण्याचे एक ठरलेले स्वरूप) मजकूर पूर्वी जेसनसीरियलायझेशनने वाचून मजकूर ते एनी, म्हणजे कोणत्याही टाइपचे मूल्य, अशी डिक्शनरी हाती घेत असत. त्या पद्धतीत जेसनमधील नल हे एनएसनल या ऑब्जेक्टच्या रूपात येते, त्यामुळे किल्लीचे मूल्य निल नाही ही तपासणी यशस्वी होते, आणि पुढे पूर्णांकात रूपांतर करताना अपयश येते. जुन्या प्रकल्पात असे कोड आढळले, तर केवळ निल नसल्याच्या तपासणीवर विश्वास ठेवू नये. हव्या त्या टाइपमध्ये रूपांतर होते का हेच तपासावे.

नव्या कोडमध्ये जेसनमधून थेट आपल्या टाइपचे मूल्य तयार करणारे, स्विफ्ट ४ पासून आलेले कोडेबल वापरावे, आणि त्याचे नियम नीट माहीत असावेत. डिकोड ही मेथड किल्ली नसल्यास त्रुटी फेकते. डिकोडइफप्रेझेंट ही मेथड किल्ली नसली किंवा तिचे मूल्य नल असले, तर दोन्ही वेळा निल देते. पण चुकीच्या टाइपचे मूल्य आले तर तीही त्रुटीच फेकते. नसलेली किल्ली आणि मुद्दाम पाठवलेले नल यांचा अर्थ आपल्या सर्व्हरच्या करारात वेगळा असेल, तर आधी कंटेनरची कंटेन्स आणि नंतर डिकोडनिल वापरून तो भेद स्वतः करावा लागतो. येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदवतो. गुणधर्माला सुरुवातीचे मूल्य दिले, उदाहरणार्थ `आवक = ०`, म्हणजे किल्ली नसल्यास तेच वापरले जाईल असे वाटते. तसे होत नाही. कंपाइलरने आपोआप तयार केलेला इनिशियलायझर बदलण्याजोग्या, ऑप्शनल नसलेल्या गुणधर्मासाठी डिकोडच वापरतो आणि किल्ली नसल्यास त्रुटी फेकतो. पर्यायी मूल्य हवे असेल तर इनिशियलायझर स्वतः लिहावा.

डिकोडिंगएरर या एनमचे चार पर्याय असतात: किल्ली सापडली नाही, मूल्य सापडले नाही, टाइप जुळला नाही, आणि माहितीच बिघडलेली आहे. प्रत्येकासोबत कोडिंगपाथ मिळतो, म्हणजे जेसनच्या कोणत्या फांदीवर अडचण आली त्याचा पूर्ण मार्ग. एवढी नेमकी माहिती हाताशी असताना ट्राय आणि प्रश्नचिन्ह लिहून सगळ्या त्रुटींचे निल करून टाकणे ही मोठी हानी आहे. डू आणि कॅच वापरून किल्ली सापडली नाही व टाइप जुळला नाही हे दोन पर्याय तरी स्वतंत्रपणे पकडावेत, आणि कोडिंगपाथ नोंदवहीत लिहावा. समितीने भाव आकड्याऐवजी मजकूर म्हणून पाठवायला सुरुवात केली, तर ते त्याच दिवशी कळते.

आणखी एक अडचण मोठ्या डिक्शनरीत येते. शंभर समित्यांची माहिती एकत्र आली आणि त्यांतील एकीचा भाव वाचता आला नाही, तर संपूर्ण डिक्शनरीचे डिकोडिंग अपयशी ठरते आणि उरलेल्या नव्याण्णव समित्यांचे भावही हातचे जातात. त्यासाठी एक छोटा वेष्टनाचा टाइप करावा, ज्याचा इनिशियलायझर आतली त्रुटी स्वतःच पकडतो आणि यश किंवा त्रुटी असे रिझल्ट साठवतो. डिक्शनरीचे मूल्य म्हणून हा टाइप दिला की प्रत्येक समितीचे यशापयश स्वतंत्र राहते. कॉम्पॅक्टमॅपव्हॅल्यूज ही २०१९ मधील स्विफ्ट ५ ची मेथडही निल झालेली मूल्ये गाळून उरलेली डिक्शनरी देते, पण ती काय गाळले हे सांगत नाही. गाळलेल्या किल्ल्या आधी नोंदवून घेतल्याशिवाय ती वापरणे मला पटत नाही.

मराठी माहितीच्या बाबतीत मजकुराचा आकडा करताना विशेष काळजी घ्यावी. स्विफ्टमधील पूर्णांकाचा इनिशियलायझर फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) ओळखतो. देवनागरीत लिहिलेल्या "१८५०" साठी तो निल देतो, आणि इंग्रजी आकड्यांत स्वल्पविराम असला तरीही निलच देतो. पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी आकडे बिनतक्रार वाचते, त्यामुळे सर्व्हर पायथनमध्ये आणि ॲप स्विफ्टमध्ये असेल तर एकाच मजकुरावर दोन वेगळी वर्तने दिसतात. अशा मजकुरासाठी नंबरफॉर्मॅटरला मराठी लोकेल आणि दशमान शैली द्यावी. त्याचे उत्तरही ऑप्शनलच असते, म्हणून पहिल्या पायरीतील चौथे कारण येथे त्रुटी म्हणून नोंदवावे, शून्य म्हणून नव्हे.

पायरी ६: डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या किल्ल्या

किल्ली समोर दिसते आहे, तरीही सापडत नाही, ही तक्रार मराठी मजकुरात वारंवार येते. "कऱ्हाड" हा शब्द घ्या. त्यातील ऱ हे अक्षर एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येते, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत, आणि स्विफ्टचे मजकूर हा नियम पाळतात, त्यामुळे दोन्ही किल्ल्या एकच मानल्या जातात. पायथन मात्र चिन्हांची क्रमवार तुलना करते, म्हणून तेथे त्या दोन वेगळ्या किल्ल्या ठरतात आणि आधी युनिकोडडेटा या मॉड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनने रूप एकसारखे करावे लागते. तिसरे रूप स्विफ्टलाही चकवते: साधा र, हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर तोच अर्धा र दिसतो, पण हे रूप पहिल्या दोहोंशी समतुल्य नाही. शिवाय कोणी "कराड" लिहिले, कोणी शेवटी मोकळी जागा सोडली, तर त्याही निराळ्या किल्ल्या.

म्हणून माणसाने टंकलेला मजकूर थेट किल्ली म्हणून वापरू नये. प्रत्येक समितीला एक स्थिर सांकेतिक क्रमांक द्यावा, डिक्शनरी त्या क्रमांकावर बांधावी, आणि नावावरून क्रमांक शोधणारे एकच फंक्शन ठेवावे. मोकळ्या जागा काढणे, अदृश्य जोडकाचे रूप बदलणे आणि पर्यायी नावे ओळखणे ही सगळी कामे त्याच फंक्शनमध्ये व्हावीत. नाव ओळखता आले नाही तर तेथेच त्रुटी फेकावी, कारण नेमके काय टंकले गेले होते हे सांगण्याची संधी पुढे कोणालाही मिळत नाही.

पायरी ७: ऑप्शनल द्यावे की त्रुटी फेकावी

न मिळण्याचे कारण एकच असेल आणि ते बोलावणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर ऑप्शनल पुरेसे आहे. डिक्शनरीचे चौकटी कंस हेच त्याचे उदाहरण. कारणे अनेक असतील आणि त्यांवरून पुढची कृती बदलणार असेल, तर त्रुटी फेकावी. त्रुटीच्या एनममधील प्रत्येक पर्यायासोबत लागणारी माहिती ठेवावी: `अनोळखीसमिती` सोबत टंकलेले नाव, `अवाच्यभाव` सोबत आलेला मूळ मजकूर. निकाल लगेच न वापरता साठवून ठेवायचा असेल, तर स्विफ्ट ५ मधील रिझल्ट हा टाइप घ्यावा.

एखादे फंक्शन त्रुटीही फेकते आणि ऑप्शनलही देते, अशी रचना काही वेळा योग्य असते: त्रुटी म्हणजे काहीतरी बिघडले, आणि निल म्हणजे सर्व ठीक असून आज भाव नाही. परंतु अशा फंक्शनला ट्राय आणि प्रश्नचिन्ह लावून बोलावू नये. स्विफ्ट ५ पूर्वी त्यातून दुहेरी ऑप्शनल मिळत असे आणि निदान खटकत तरी असे. आता दोन्ही पदर आपोआप सपाट होऊन एकच ऑप्शनल मिळते, आणि बिघाड व सुट्टी यांतील भेद मागमूस न ठेवता नाहीसा होतो. याच कारणाने मी अशा ठिकाणीही `भावस्थिती` परत करणे पसंत करतो.

पायथन लिहिणाऱ्यांनाही हाच विचार लागू करता येतो. तेथील गेट ही मेथड किल्ली नसताना आणि किल्लीचे मूल्य नन, म्हणजे पायथनमधील "काहीच नाही", असताना एकच उत्तर देते. भेद हवा असेल तर इन या शब्दाने किल्ली तपासावी, किंवा इतर कोठेही न वापरलेले एक स्वतंत्र ऑब्जेक्ट गेटला पर्यायी मूल्य म्हणून द्यावे आणि उत्तर तेच ऑब्जेक्ट आहे का हे इज या शब्दाने पाहावे. डिफॉल्टडिक्ट वापरत असल्यास चौकटी कंसाने नुसते वाचले तरी किल्ली तयार होते हे ध्यानात ठेवावे.

पायरी ८: अभावाच्या चाचण्या

मूल्य मिळते याची चाचणी सगळेच लिहितात. पहिल्या पायरीतील प्रत्येक कारणासाठी एकेक चाचणी असावी: यादीत नसलेले नाव, लिलाव बंद असलेली समिती, किल्लीच नसलेला जेसन, नल असलेला जेसन, आकड्याऐवजी मजकूर, देवनागरी आकडे, आणि "कऱ्हाड" ची तिन्ही रूपे. चाचणीत केवळ निल मिळाले एवढे तपासू नये. कोणता पर्याय मिळाला किंवा कोणती त्रुटी फेकली गेली हे तपासावे, नाही तर चुकीच्या कारणाने आलेले निलही चाचणी उत्तीर्ण करते. सरासरीच्या फंक्शनसाठी सर्वच समित्या बंद असल्याचा दिवसही घ्यावा. त्या दिवशी भागाकारात शून्य छेद येतो, आणि पूर्णांकांच्या भागाकारात तो आला तर स्विफ्ट प्रोग्राम बंद पाडते. तेव्हा सरासरी काढणाऱ्या फंक्शनचे उत्तरही ऑप्शनलच असले पाहिजे. त्या दिवशी पडद्यावर आकड्याच्या जागी "आज कोणत्याही समितीत लिलाव झाला नाही" हे वाक्य आले, तर ती चाचणी उत्तीर्ण समजावी.